सर्व स्थानकांवर थांबेल

पुराणात हे काम फार झटपट होतं. विष्णूने मोहिनीचं रूप घेतलं तेव्हा अमृताची पंगत ताटकळली, असं कुठे लिहिलेलं नाही. इल राजा शिकारीच्या नादात एका वनात शिरला आणि उभ्या उभ्या स्त्री झाला. पुढे उत्तरकांडात त्याला एक महिना पुरुष, एक महिना स्त्री अशी पाळी लावून मिळाली, पण बदलीच्या दिवशी त्रास झाल्याची नोंद नाही. मराठी रंगभूमीवर नारायणराव राजहंस रंगपटात शिरत आणि भामिनी होऊन बाहेर येत. तिसऱ्या घंटेच्या आत सगळं उरकलेलं असे.

आणि विरारच्या एखाद्या मुलीला, म्हणजे जन्मदाखल्यावर मुलगा, मनाने मुलगी आणि रेल्वेच्या पासावर अजून 'एम' असलेल्या मुलीला, डॉक्टर शांतपणे सांगतात, "दोन ते पाच वर्षं धरून चाला." तिला वाटतं, डॉक्टर महिने म्हणाले असतील.

डॉक्टर वर्षंच म्हणालेले असतात. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ, म्हणजे डब्ल्यूपाथ, या जागतिक संस्थेने सप्टेंबर २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांची आठवी आवृत्ती काढली. तिच्यात एक तक्ता आहे आणि तो पश्चिम रेल्वेच्या वेळापत्रकासारखा वाचावा लागतो. एका रकान्यात बदलाचं नाव, दुसऱ्यात तो कधी सुटेल, तिसऱ्यात कधी पोचेल. त्वचा मऊ आणि कमी तेलकट होणं, तीन ते सहा महिन्यांत सुरू. छातीची वाढ, सुरुवात तीन ते सहा महिन्यांत, पूर्ण व्हायला दोन ते पाच वर्षं. चरबीने आपला मुक्काम हलवून कंबरेखाली बिऱ्हाड करणं, तेवढाच वेळ. स्नायू ओसरणं, एक ते दोन वर्षं. अंगावरचे केस विरळ होणं, सुरुवातच सहा ते बारा महिन्यांनी आणि शेवट तीन वर्षांच्या पुढे कधीतरी. डोक्यावरचे केस, ज्याचं त्याचं नशीब. आवाज, काही फरक नाही. उंची आणि हाडं यांचा तर विषयच नको. वयात येताना ती ठरून गेली, आता ही गाडी त्या स्टेशनांवर थांबत नाही.

इतका वेळ का लागतो, याचं उत्तर साधं आहे. हे दुसऱ्यांदा वयात येणं आहे, आणि पहिल्यांदासुद्धा कोणी आठवड्यात वयात आलेलं नाही. जेम्स टॅनर या ब्रिटिश डॉक्टरांनी मुलींच्या वाढीचे पाच टप्पे मांडले, ते पार करायला मुलीला चार-पाच वर्षं सहज लागतात. फरक इतकाच, की बारा वर्षांच्या मुलीला शाळा असते, क्लास असतो, मैत्रिणींशी भांडणं असतात, स्वतःच्या छातीचा मासिक अहवाल काढायला तिला फुरसत नसते. अठ्ठाविसाव्या वर्षी हाच प्रवास सुरू करणारीकडे इंचटेप असते, मोबाइल असतो आणि बाथरूमला आतून कडी असते.

खरी गंमत औषधाच्या दुकानापासून सुरू होते. आपल्याकडे एस्ट्रॅडिओलची सर्रास मिळणारी गोळी म्हणजे प्रोजिनोव्हा. डॉक्टर ती मुख्यतः पाळी गेल्यानंतरच्या त्रासासाठी आणि टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात गर्भाशयाचं अस्तर तयार व्हावं म्हणून लिहून देतात. त्यामुळे समोर उभ्या असलेल्या पाच फूट नऊ इंचांच्या गिऱ्हाइकाबद्दल मेडिकलवाला एकच निष्कर्ष काढू शकतो. "वहिनींसाठी ना? होईल, होईल. टेन्शन घेऊ नका." महिन्याच्या महिन्याला न चुकता येणाऱ्या या नवऱ्याबद्दल त्याच्या मनात आदर दाटत जातो. सहा महिने झाले तरी गोड बातमी नाही म्हटल्यावर तो जीवदानी देवीला नवस बोलायचं सुचवतो. चिठ्ठीवरचं दुसरं औषध स्पायरोनोलॅक्टोन. ते मुळात रक्तदाब आणि अंगावरची सूज उतरवण्यासाठीचं. तेव्हा ती स्ट्रिप देताना तो हळहळतो, "या वयात बीपी? त्या बाळाचं टेन्शन घेतलं असणार."

घरी वेगळंच नाटक. गोळी पाण्याबरोबर गिळली तर यकृतातून जाताना तिचा बराच भाग तिथेच खर्ची पडतो, म्हणून काहीजणी डॉक्टरांना विचारून ती जिभेखाली ठेवतात. ती विरघळेपर्यंत बोलायचं नाही आणि थुंकी गिळायची नाही. नेमका त्याच वेळी मामाचा फोन येतो. तोंड मिटून, गाल किंचित फुगवून "हंऽ... हंऽऽ" करणाऱ्या लेकाकडे आई पाहते आणि तिच्या पोटात गोळा येतो. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण आईचा बंदीवर विश्वास नाही. "तोंड उघड बघू." तोंड उघडलं तर आत पांढरट काहीतरी. चुना! त्या घरात पुढचे पंधरा दिवस तोंडाच्या कॅन्सरचे व्हिडिओ फिरतात.

स्पायरोनोलॅक्टोनचा किस्सा मात्र खास वसई-विरारचा आहे आणि तो पुण्यात किंवा नागपुरात राहून कळायचा नाही. हे औषध १९६०च्या सुमारास बाजारात आलं. ते घेणाऱ्या काही पुरुषांची छाती वाढू लागली आणि डॉक्टरांनी तिची नोंद दुष्परिणामात केली. कोणाचा दुष्परिणाम आणि कोणाचा नवस, हे पुढे ठरायचं होतं. टेस्टोस्टेरॉनला अडवण्याचं काम ते बऱ्यापैकी करतं. पण त्याचा मूळ धंदा शरीरातलं पाणी बाहेर काढण्याचा, आणि तो ते विसरत नाही. सकाळी सातला गोळी घ्यायची आणि सात चाळीसची चर्चगेट पकडायची, म्हणजे काय याचा विचार डब्ल्यूपाथने केलेला दिसत नाही. विरार ते चर्चगेट ६० किलोमीटर. स्लो पकडली तर दीड तासाच्या वर, फास्ट पकडली तरी सव्वा तास, आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. वसई गेलं, नायगाव गेलं, आणि गाडी खाडीच्या पुलावर आली की खाली अथांग पाणी. त्या पुलावर ज्यांनी हे औषध घेऊन दोन्ही पाय जुळवून उभं राहून दाखवलं, त्यांना योगाचा वेगळा वर्ग लावायची गरज नाही. बोरिवलीला उतरावं तर दारापर्यंत पोचता येत नाही, कारण विरार फास्टमधून बोरिवलीला उतरणं ही कल्पनाच डब्याला मंजूर नसते.

हे औषध पाणी सोडतं, पण पोटॅशियम धरून ठेवतं. मूत्रपिंड ठणठणीत असलेल्या तरुण माणसात ते सहसा वाजवीपेक्षा चढत नाही. तरी डॉक्टर रक्त तपासत राहतात आणि जाता जाता सांगतात, केळी आणि शहाळं जरा बेताने. हे वाक्य अंधेरीच्या दवाखान्यात बसून म्हणायला सोपं आहे. ऐकणारी वसईची! जिथे पाहुण्याला निरोप देताना फणी हातात ठेवतात, राजेळीची सुकेळी वाळवून वर्षभर पुरवतात, आणि प्रत्येक दुसऱ्या वाडीत नारळ. आत्याने प्रेमाने पुढे केलेली सुकेळी नाकारणं म्हणजे घराण्याशी वैर घेणं. "डॉक्टर नको म्हणालेत" असं सांगितलं की आत्या विचारणार, कसले डॉक्टर, कसलं औषध. त्यापेक्षा सुकेळी खाल्लेली परवडली.

नातेवाइकांचं निरीक्षण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. औषधं सुरू झाल्यावर आठव्या-नवव्या महिन्यात सगळ्यांना काहीतरी दिसायला लागतं, फक्त काय ते कळत नाही. साखरपुड्याला काकू थांबवून म्हणते, "उजळलास रे! कुठलं क्रीम?" दुसरी काकू, "गाल भरलेत. पाणी मानवलेलं दिसतं." ज्या विरारमध्ये टँकर वेळेवर आला तर सोसायटीच्या ग्रुपवर त्याचा फोटो टाकतात, तिथलं पाणी मानवल्याचं ऐकून ती काय बोलणार? तिसरीचं निदान थायरॉइड. थायरॉइड हा आपल्याकडे सर्वसमावेशक रोग आहे, त्यात जाड होणं, बारीक होणं, केस वाढणं, केस गळणं, चिडणं आणि गप्प बसणं हे सगळं बसतं. काकांचा तर्क थेट असतो. पोरगा प्रेमात पडलाय. बाप म्हणतो, मोबाइल. शेजारच्या आजी चष्मा वर करून बराच वेळ पाहतात आणि म्हणतात, "आईच्या वळणावर चाललाय." दहा जणांत नेमकं तेवढ्या एकीने बरोबर ओळखलेलं असतं, आणि तिलाही ते ठाऊक नसतं.

या सगळ्यात जिला कणभर फरक दिसत नाही ती स्वतः ती. रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही. म्हणून जाणत्या मैत्रिणी नव्यांना सांगतात, रोज आरशाशी भांडू नको. महिन्यातून एकदा, त्याच खिडकीशी, त्याच उजेडात, न हसता एक फोटो काढ आणि फोल्डर बंद कर. जानेवारी आणि फेब्रुवारीच्या फोटोत फरक शोधायला भिंग लागतं. जानेवारी आणि डिसेंबर शेजारी ठेवले की मात्र जानेवारीतला तो सुकलेला, तेलकट कपाळाचा दादा कोण, असा प्रश्न पडतो. तरी फोल्डर बंद ठेवणारी विरळाच. विरार लोकलमध्ये अंगठा हलवण्याइतकी जागा मिळाली की तो त्याच फोल्डरवर जातो.

लोकलचा विषय निघालाच आहे तर छातीबद्दल बोलायला हवं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात स्तनाग्रांमागे सुपारीएवढी गाठ येते. ती वाढीची खूण असते आणि ठणकते. नुसता शर्ट घासला तरी कळ येते. ज्या आई-बहिणी यातून तेराव्या वर्षी गेल्या, त्यांनी दफ्तर छातीशी धरून दिवस काढले. हिला हे दिवस काढायचे आहेत जेन्ट्सच्या सेकंड क्लासमध्ये, सकाळी आठला, नालासोपाऱ्याची माणसं आत शिरताना. तिथे समोरच्याचं कोपर नेमकं कुठे येतं, हे ज्याने अनुभवलंय तोच सांगू शकेल. बॅग पुढे अडकवणं ही मुंबईची रीतच असल्यामुळे निदान कोणाला शंका येत नाही. खिसेकापूंच्या कृपेने अब्रू वाचते.

मग मधले महिने येतात, तेव्हा दोन्ही डबे आपापली सेवा नाकारतात. जेन्ट्समध्ये पाय ठेवला की एखादा सज्जन आवाज देतो, "मॅडम, लेडीज पुढे आहे." लेडीजमध्ये पाय ठेवला की चार गळे एकदम, "ओ दादा, लेडीज डबा आहे!" एकाच प्लॅटफॉर्मवर, एकाच सकाळी, सहा डब्यांच्या अंतरात माणूस दोनदा बदलतो. इल राजाला निदान महिनाभराची मुदत होती. पण लेडीज डब्यात एकदा जागा मिळाली की ती पक्की. मटार सोलता सोलता समोरची बाई अर्धे मटार हिच्याकडे सरकवते, क्लिपा-टिकल्या विकणारी "ताई, ही बघ ना" म्हणत पुठ्ठा नाकासमोर धरते, आणि कुठल्याही वैद्यकीय तक्त्यात नसलेलं एक स्टेशन येऊन जातं.

तरीही घाई सुटत नाही, कारण जगाने हे बदल कायम घाईत दाखवलेत. अमेरिकेत १ डिसेंबर १९५२ रोजी 'न्यूयॉर्क डेली न्यूज'ने क्रिस्टीन जॉर्गेन्सनची बातमी पहिल्या पानावर छापली. माजी सैनिक आता सुंदर तरुणी! वाचकांना वाटलं, डेन्मार्कला जाऊन विमानतळावरच बदलून आली. प्रत्यक्षात कोपनहेगनच्या डॉ. क्रिस्टियन हॅम्बर्गर यांनी तिचे हार्मोन १९५० मध्ये सुरू केले होते. मधली दोन वर्षं बातमीत नव्हती. मधल्या वर्षांची बातमी होत नाही, हीच तर पंचाईत.

खुद्द औषधाचा इतिहास पाहिला तर आजची प्रतीक्षा म्हणजे चैन वाटेल. १९३०च्या दशकात एडवर्ड डॉइझी आणि सहकाऱ्यांनी एस्ट्रॅडिओल वेगळं काढलं ते डुकरिणींच्या अंडाशयांतून. सुमारे चार टन अंडाशय आणि हाती लागलं सुमारे बारा मिलिग्रॅम. आजच्या दोन मिलिग्रॅमच्या हिशेबाने सहा गोळ्या! १९४२ पासून अमेरिकेत विकलं गेलेलं प्रेमरीन हे तर गाभण घोड्यांच्या मूतापासून बनतं, आणि कंपनीने ते नावातच सांगून टाकलं होतं. तेव्हा जिभेखालच्या गोळीला चव नाही, अशी तक्रार करण्यात अर्थ नाही.

घाईची सर्वात जुनी देशी आवृत्ती म्हणजे माला-डी. डॉक्टर नाही, पैसे नाहीत, घरी सांगायची सोय नाही, अशा कितीतरी जणींनी वर्षानुवर्षं कुटुंबनियोजनाच्या गोळ्या मुठीने खाल्ल्या. एका गोळीने फरक पडत असेल तर दहा घेऊ, असा हिशेब. पण त्या गोळीतलं एथिनिल एस्ट्रॅडिओल हे वेगळं रसायन आहे. त्याने रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका जास्त, सिगारेट ओढणारीला तर आणखीच जास्त, आणि म्हणून आजचे डॉक्टर या उपचारात त्याला हात लावत नाहीत. योग्य हार्मोनचाही डोस दुप्पट केला म्हणून वाढ दुप्पट होत नाही. ग्राहक-पेशींनी जेवढं घ्यायचं तेवढंच त्या घेतात, उरलेलं यकृत आणि रक्तवाहिन्यांच्या डोक्यावर. हे सांगताना विनोद सुचत नाही, कारण पायाच्या पोटरीत अडकलेली गुठळी फुफ्फुसात गेली तर माणूस जातो.

म्हणून पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी रक्त. टेस्टोस्टेरॉन ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणि एस्ट्रॅडिओल १०० ते २०० पिकोग्रॅमच्या मध्ये असावं, असं एंडोक्राइन सोसायटीच्या २०१७ च्या सूचना म्हणतात. लॅबच्या कॉम्प्युटरला ते माहीत नसतं. फॉर्मवर 'पुरुष' लिहिलंय म्हटल्यावर तो टेस्टोस्टेरॉनपुढे ठळक 'लो' आणि एस्ट्रॅडिओलपुढे ठळक 'हाय' मारतो, वर एक लाल तारा. रिपोर्ट देणारा मुलगा दबक्या आवाजात म्हणतो, "डॉक्टरांना लगेच दाखवा हां." आणि ही बाई जिन्यात उभी राहून तो लाल तारा मैत्रिणीला व्हॉट्सअ‍ॅप करते, दहावीच्या निकालालासुद्धा केला नव्हता एवढ्या आनंदाने.

शरीराचे सगळे विभाग एकाच गतीने काम करत नाहीत, याचा सर्वात उघड मराठी दाखला अनाया बांगरचा. भारताकडून १२ कसोटी आणि १५ एकदिवसीय सामने खेळलेल्या, देशांतर्गत क्रिकेट रेल्वेच्या संघाकडून गाजवलेल्या संजय बांगर यांची ही मुलगी, स्वतः क्रिकेटपटू. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने हार्मोन सुरू केल्यापासूनच्या महिन्यांचा प्रवास समाजमाध्यमावर व्हिडिओतून मांडला. वर्षाच्या आसपासचा काळ काही सेकंदांत सरकून जातो, त्यामुळे बघणाऱ्यांनी पुन्हा तोंडात बोट घातलं, काय पटकन बदलली! तिने स्वतः मात्र दुसरीच गोष्ट लिहिली होती. ताकद ओसरते आहे, स्नायू जात आहेत, ज्या खेळावर जीव आहे तो हातातून सुटतो आहे. त्याच्या वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, आयसीसीने पुरुष म्हणून वयात आलेल्या खेळाडूंना महिलांच्या आंतरराष्ट्रीय क्रिकेटची दारं बंद केली होती. चेहऱ्यासाठी जो बदल हळू वाटतो तोच चेंडू सीमापार धाडणाऱ्या खांद्यासाठी भलताच वेगात येतो, आणि नियम बनवणाऱ्यांसाठी पुरेसा येतच नाही.

याला आकड्यांचा आधारही आहे. जोआना हार्पर आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. रक्तातलं हिमोग्लोबिन साधारण चार महिन्यांत इतर स्त्रियांच्या पातळीवर उतरतं. स्नायू आणि ताकद वर्षभरात घटतात खऱ्या, पण तीन वर्षांनीसुद्धा पूर्ण उतरलेल्या नसतात. म्हणजे चौथ्या महिन्यात जीवदानीच्या पायऱ्या चढताना अर्ध्यावर धाप लागते, आणि घरी आल्यावर पिंपभर पाणी वर चढवायला सगळे हिलाच हाक मारतात, कारण दंड अजून दिसतात. सूट कुठेच नाही.

केसांची कथा थोडक्यात आटपलेली बरी. दाढी हार्मोनला जुमानत नाही. ती लेझरने किंवा विजेच्या सुईने एकेक मूळ जाळून काढावी लागते. लेझर केसातल्या काळ्या रंगावर मारा करतो, त्यामुळे पांढरा केस त्याला दिसतच नाही. म्हणजे चाळिशीनंतर सुरुवात करणारीला पांढऱ्या केसाचा एकदा दुःखाचा आणि एकदा खर्चाचा, असे दोन झटके.

आवाजाला गोळी नाही, मेहनत आहे. टेस्टोस्टेरॉनने एकदा जाड केलेले स्वरतंतू एस्ट्रोजेनने पातळ होत नाहीत. मग स्पीच थेरपिस्ट, स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढत सूर धरणं, खालून वर आणि वरून खाली भोंग्यासारखा आवाज नेणं. वन-बीएचकेमध्ये हा रियाझ गुप्त राहत नाही. खालच्या मजल्यावरचे काका विचारून जातात, मोटर बिघडली का. एवढ्या कष्टाने कमावलेल्या नाजूक आवाजात ती अर्नाळ्याच्या बाजारात "मावशी, पापलेट कसं दिलं?" विचारते, आणि समोरची कोळीण जी डरकाळी फोडते ती ऐकून दोन महिन्यांच्या फीचं वाईट वाटतं.

यातून निभावायला जाणकार डॉक्टर जवळ असणं ही खरी गरज, आणि तिथे वेग उलट्या दिशेचा. २०२१ मध्ये हैदराबादला सुरू झालेल्या मित्र क्लिनिकची एक शाखा कल्याणला, एक पुण्याला निघाली. ट्रान्स समाजातल्याच माणसांनी चालवलेले हे दवाखाने. कल्याणला जायचं तर वसई-दिवा मार्गाची गाडी आणि तिच्या दिवसाकाठच्या मोजक्या फेऱ्या सांभाळायच्या, तरी लोक जायचे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि तिन्ही बंद झाले. जी गोष्ट उभी राहायला वर्षं लागली ती आवरायला एक आदेश पुरला. आयुष्मान भारतच्या टीजी प्लस योजनेचा करार ऑगस्ट २०२२ मध्ये झाला. वर्षाला ५ लाखांचं संरक्षण, त्यात हार्मोनही. त्यासाठी लागणारं जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखपत्र काढायला पोर्टलवर फोटो चढवावा लागतो. पालघरहून कार्ड हाती येईपर्यंत तो फोटो जुना झालेला असतो, हा हार्मोनचा दोष की कचेरीचा, ज्याने त्याने ठरवावं.

शेवटी माप. नेदरलँड्स, बेल्जियम आणि इटलीतल्या दवाखान्यांनी मिळून केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये आला. २२९ ट्रान्स स्त्रियांची छाती वर्षभर मोजली. छातीचा घेर आणि तिच्या खालचा घेर यांतला सरासरी फरक ७.९ सेंटिमीटर, बहुतेक वाढ पहिल्या सहा महिन्यांत, आणि जवळजवळ निम्म्या जणी वर्षअखेरीला सर्वात लहान कपमध्येही बसत नव्हत्या. हा निकाल वाचून अनेकींनी युरोपला शिव्या घातल्या. बांगड्यांचं त्याहून कठीण. हात मऊ होतो, पण पंजाचं हाड तेच. कासारीण दोन-सहा चढवून बघते, दोन-आठ चढवून बघते, साबण लावते, मग आतून दोन-दहाचा डबा काढते आणि विचारते, "कबड्डी खेळायचीस का गं?"

ब्लाउजचा मामला मात्र वसई स्टेशनबाहेरच्या कुठल्याही जुन्या टेलरला सोपा वाटतो. खांदे रुंद, छाती त्या मानाने कमी, रेडिमेड बसणार नाही हे त्याला दारातूनच दिसतं. तो टेप गळ्यात टाकतो, माप सांगतो, पोऱ्या लिहून घेतो. कारण विचारत नाही. त्याच्या लेखी छाती ही कमी-जास्त होणारीच वस्तू. बाळंतपणं, आजारपणं, डाएट, सगळं त्याने टाक्यांत पाहिलेलं.

"अजून वाढणार आहे?" तो वर न बघता विचारतो.

"दोन-तीन वर्षं तरी."

"मग बाजूला दोन इंच माया ठेवतो. लागेल तसं उसवून देईन. पण उसवायचे पैसे दर वेळी वेगळे हां ताई, आत्ताच सांगून ठेवतो. आणि गणपतीच्या आधी येऊ नका, हात रिकामा नसतो."